हत्यारांवर नाव कोरणारं यंत्र: अडवून ठेवलेली पेटी सोडवताना ते किती उपयोगी पडलं

हा अभिप्राय अशा लोकांसाठी आहे, ज्यांची हत्यारं स्वतःची असतात आणि कामाची जागा दुसऱ्याची. फिटर, टर्नर, गॅरेजमधले मेकॅनिक, वायरमन, सुतार. मी स्वतः डाय फिटर आहे. प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, जुळवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. या धंद्यात प्रेस, मिलिंग, ग्राइंडर कंपनीचे असतात, पण मायक्रोमीटर, गुण्या, डायल (सुईने बारीक फरक दाखवणारं उपकरण), पॅरलल (तोंडं अचूक समांतर केलेल्या स्टीलच्या पट्ट्या), हाताला बसलेल्या कानशी या गोष्टी बरेच जण स्वतःच्या आणतात. मीही आणते. मागची नोकरी सोडली तेव्हा त्या कंपनीने माझी पेटी अडवून धरली. ती परत मिळाली, आणि ती मिळवताना एका साध्या यंत्राचा जो उपयोग झाला तो लिहायलाच हवा असं मला वाटतं.

यंत्र म्हणजे हातात धरून धातूवर अक्षरं कोरायचं इलेक्ट्रिक एन्ग्रेव्हर. वायरीवर चालणारं, टोकाला टंगस्टन कार्बाइडची सुई असलेलं. ब्रँड सांगत नाही, कारण या जातीची यंत्रं आतून जवळपास सारखीच असतात आणि मला ज्या गुणदोषांबद्दल बोलायचं आहे ते या रचनेचे आहेत.

आधी ते चालतं कसं ते सांगते, कारण त्यावरूनच ते कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही हे कळतं. आत मोटर नसते. तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यासमोर लोखंडी आर्मेचर आणि एक स्प्रिंग, एवढाच मामला. एसी प्रवाहाच्या प्रत्येक फेऱ्यात कॉइल आर्मेचरला दोनदा ओढते आणि स्प्रिंग त्याला मागे ढकलते. म्हणून ५० हर्ट्झच्या विजेवर सुई सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा ठोके मारते. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे हेच यंत्र ७२०० ठोके मारतं. मागच्या बाजूची चकती फिरवली की ठोक्यांचा वेग बदलत नाही, सुई किती लांब जाते ते बदलतं. म्हणजे चकती खोलीची आहे. हे लक्षात आलं की हात आपोआप सुधारतो: जोर द्यायचा नाही, यंत्राचं वजन पडू द्यायचं आणि सावकाश पुढे जायचं. जोर दिला की सुई नाचते आणि रेघ तुटक येते.

साध्या लोखंडावर हे यंत्र फार छान चालतं. अ‍ॅल्युमिनियमवर चकती अगदी कमीवर ठेवावी लागते, नाहीतर अक्षर फाटतं. कठीण केलेल्या टूल स्टीलवर, म्हणजे ५८ ते ६२ एचआरसीच्या (एचआरसी हे कठीणपणाचं माप) तुकड्यावर, रेघ उमटते पण बारीक आणि राखाडी उमटते. वाचता येते, आणि कापडाने, तेलाने, डिझेलने जात नाही. माझ्या दृष्टीने तेवढं पुरे. कार्बाइडच्या टूलवर मात्र काही होत नाही, सुईही त्याच मालाची असल्यामुळे उलट सुईच खराब होते. क्रोम चढवलेल्या पान्यांवर सांभाळून. खोल कोरलं तर क्रोमचा थर फुटतो आणि त्या अक्षरातूनच गंज सुरू होतो. पान्यावर मी चकती कमीत कमी ठेवते, आणि कोरून झालं की त्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात देते.

आता माझ्या पेटीत काय होतं ते सांगायला हवं. विकत घेतलेल्या हत्यारांची बिलं असतात. पण फिटरच्या पेटीतला सगळ्यात प्रिय भाग विकतचा नसतोच. शिकत असताना मी स्वतः केलेले पॅरलल आहेत, दोन-दोन एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड करून जोडी जुळवलेले. एक व्ही-ब्लॉक आहे, म्हणजे गोल दांडा बसवायला व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा. टूलमेकर्स क्लॅम्पची जोडी आहे, तिचे स्क्रूसुद्धा मी लेथवर काढले. छोटे स्क्रू जॅक आहेत. एक गुण्या आहे, जो मी हाताने लॅप करून, म्हणजे बारीक पूड लावून घासून, काटकोनात आणला आणि ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी प्रकाशाची फट पाहून मान डोलावली तेव्हाच पेटीत ठेवला. या वस्तूंना बिल कुठून आणणार? दुकानदार नाही, छापलेला नंबर नाही, वॉरंटी नाही. कोणी म्हणालं की ‘हे आमच्या टूलरूममध्ये आमच्या स्टीलमधून बनलंय’, तर तोंडी बोलण्याला तोंडी उत्तर, एवढंच उरतं. मला या यंत्राची किंमत कळली ती या वस्तूंमुळे.

ती नोकरी धरताना पेटी आत नेण्याआधी मी कोरता येईल अशा प्रत्येक वस्तूवर खूण कोरली होती. एक अक्षर आणि एक आकडा. पूर्ण नाव कोरत बसायची गरज नसते, छोट्या हत्यारावर तेवढी जागाही नसते. अक्षर माझं, आकडा यादीतला. म-१४ म्हणजे यादीतली चौदावी ओळ, आणि त्या ओळीत लिहिलेलं: व्ही-ब्लॉक, स्वतः बनवलेला, लांबी इतकी, एका कोपऱ्याला असा छेद. देवनागरी अक्षर कोरताना शिरोरेषा हा कटकटीचा भाग आहे. मोकळ्या हाताने सरळ रेघ कंपन करणाऱ्या सुईने येत नाही, आणि गोल दांड्यावर तर ती घसरतेच. मी स्टीलची पट्टी टेकवून आधी शिरोरेषा ओढते, मग खालचं अक्षर. कोणी शिरोरेषेशिवाय कोरलं तरी चालेल, फक्त सगळ्या वस्तूंवर एकाच वळणाचं अक्षर हवं. तो एकसारखेपणा पुढे फार कामाला येतो.

खूण कुठे कोरायची यावर मात्र तडजोड नको. सुई धातू फक्त कापत नाही, तो बाजूला ढकलते आणि रेघेच्या काठावर बारीक वरवंड उभी राहते. पॅरललच्या मोजायच्या तोंडावर कोरलं तर तो पॅरलल मेला. कडेच्या टोकावर कोरायचं, मग त्यावर बारीक ऑइलस्टोन फिरवून काठ बसवायचे. नवीन तुकडा करत असाल तर शेवटच्या ग्राइंडिंगच्या आधीच कोरा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

आणि मोजमापाच्या उपकरणांवर हे यंत्र लावू नका. हे मी कळकळीने सांगते. डायल इंडिकेटरच्या आत बारीक दात्यांची चक्रं आणि घड्याळासारख्या बेअरिंग असतात. सेकंदाला १०० ठोके त्यांच्यासाठी छळ आहे. मायक्रोमीटरचा स्क्रू साधारण ०.५ मिलिमीटर पिचचा असतो, थिंबलवर ५० भाग, म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटर. इतक्या नाजूक हिशोबाच्या वस्तूला ठोके कशाला? चांगल्या मायक्रोमीटरवर, व्हर्नियरवर, टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) बनवणाऱ्याचा सीरियल नंबर आधीच असतो. तो यादीत उतरवायचा, बिलावर किंवा कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर तोच नंबर आहे का ते पाहायचं, आणि त्याचा जवळून फोटो काढायचा. त्याहून वेगळी खूण हवीच असेल तर इलेक्ट्रोकेमिकल एचिंगचा संच घ्यावा. स्टेन्सिल, मिठासारख्या क्षाराचं द्रावण आणि कमी व्होल्टचा प्रवाह. डीसीवर अक्षर आत खातं, एसीवर काळं उमटतं. ठोका नाही, ताण नाही, वरवंड नाही. फक्त नंतर तो भाग नीट धुऊन, द्रावणाचा असर मारून तेल लावायला विसरू नये, नाहीतर उरलेलं द्रावण गंज आणतं.

अक्षरांचे पंच, हातोड्याने मारायचे, ते मी पेटीवर आणि जाड क्लॅम्पवर वापरते. त्यांची खूण सगळ्यात खोल जाते. वरून घासून काढली तरी खाली दबलेला धातू दबलेलाच राहतो, आणि तांब्याचा क्लोराइड व हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असलेलं द्रावण लावून असे पुसलेले आकडे पुन्हा वाचता येतात. गुन्ह्यांच्या तपासात बंदुकींचे आणि गाड्यांच्या इंजिनांचे नंबर याच पद्धतीने काढतात. एन्ग्रेव्हरची रेघ तितकी खोल दाबत नाही, त्यामुळे इथे पंच वरचढ. पण कठीण केलेल्या स्टीलवर पंच मारला तर पंच बोथट होतो किंवा तुकडा तडकतो. रंग आणि टेप यांच्याबद्दल काय बोलायचं? वर्कशॉपच्या तेलात टेप टिकत नाही आणि रंग थिनरने एका पुसण्यात जातो.

ब्लूटूथचा ट्रॅकरही काही जण पेटीत टाकतात. चोरी झाली तर तो कामाचा आहे, तरी जाड पत्र्याच्या बंद पेटीत त्याची लहर दबते आणि नाण्याएवढी बॅटरी वर्षभराने बदलावी लागते. पण मालकाने हत्यारं अडवून धरली की पेटी कुठे आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं. तिथे भांडण असतं ते पेटीत कुणाचं काय आहे याचं, आणि त्यावर ट्रॅकर काही बोलत नाही.

वस्तूवर खूण कोरून ठेवायची ही कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पार्क इथल्या पोलिसांनी लोकांना कोरायची यंत्रं वापरायला देऊन घरातल्या वस्तूंवर ओळख क्रमांक कोरून घ्यायला सांगितलं. ‘ऑपरेशन आयडेंटिफिकेशन’ या नावाने ती मोहीम पुढे अनेक ठिकाणी पसरली. तिथे हेतू चोराला रोखण्याचा आणि सापडलेला माल मालकाकडे पोचवण्याचा होता. त्या काळी लोक स्वतःचे सरकारी ओळख क्रमांकही कोरत. आज तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हत्यार दहा हातांतून फिरतं. आपला ओळखपत्राचा किंवा फोनचा क्रमांक त्यावर कायमचा कोरून सोडणं धोक्याचं आहे. अक्षर, आकडा आणि आपल्याकडची यादी, एवढं पुरतं.

आता पेटी अडकली त्याबद्दल. मी राजीनामा दिला, ठरलेली मुदत भरली. शेवटच्या आठवड्यात एक डाय प्रेसवर तडकली. ती मी जुळवली नव्हती, पण तिचा खर्च कुणाच्या तरी नावावर टाकायचा होता. निघायच्या दिवशी पेटीचा गेटपास मागितला तेव्हा सुपरवायझर म्हणाले, “ताई, पेटी स्टोअरमध्येच राहू दे. डायचा विषय मिटला की घेऊन जा.”

मी म्हटलं, “दादा, डायचं काय ते तुम्ही लेखी विचारा, मी लेखी उत्तर देते. पेटीचा त्याच्याशी काय संबंध?”

“पेटीत कंपनीची हत्यारं पण आहेत ना!”

हे मात्र खरं होतं. कंपनीने दिलेले काही एलन की, एक मॅग्नेटिक स्टँड, आटे पाडायचे काही टॅप माझ्या ताब्यात होते. ते मी त्याच दिवशी, तिथेच, वेगळ्या यादीवर लिहून स्टोअरच्या काकांकडे दिले आणि त्या यादीच्या प्रतीवर त्यांची सही, तारीख घेतली. हे पाऊल फार महत्त्वाचं आहे. समोरच्याची वस्तू आपल्याकडे असेल तोपर्यंत ‘तुम्ही आमचं द्या, मग आम्ही तुमचं देतो’ हे वाक्य त्यांच्या हातात राहतं. त्यांची वस्तू परत गेली की ते वाक्य संपतं.

त्यानंतर मी एक पत्र लिहिलं. रागाचा शब्द नाही, डायचा उल्लेख नाही, राहिलेल्या पगाराचाही नाही. पगारासाठी वेगळं पत्र दिलं. हे दोन विषय एका कागदावर आले की समोरचा हत्यारांवरून पगारावर आणि पगारावरून डायवर उड्या मारत राहतो आणि उत्तर कशाचंच मिळत नाही. हत्यारांच्या पत्रात एवढंच होतं: या तारखेला माझ्या मालकीच्या पुढील वस्तू तुमच्या आवारात राहिल्या आहेत, प्रत्येकीची खूण किंवा सीरियल नंबर यादीत आहे, सोबत यादी आणि फोटो, कृपया या मुदतीत त्या मला नेऊ द्याव्यात आणि वेळ कळवावी. पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवलं, आणि तेच ईमेलवरही. ईमेलवर तारीख आपोआप पडते, तिच्यावरून वाद होत नाही.

फोनवर मॅनेजर साहेबांनी जे विचारलं तो प्रश्न मला अपेक्षित होता. “मॅडम, या खुणा तुम्ही जायच्या तोंडावर कोरल्या नाहीत कशावरून?”

एन्ग्रेव्हरची मर्यादा नेमकी इथे आहे, आणि ती विकणारे कुणी सांगत नाहीत. यंत्र खूण देतं, तारीख देत नाही. कंपनीच्या हत्यारावरही कुणी स्वतःची खूण कोरू शकतो. म्हणून नोकरीच्या सुरुवातीला पेटी आत नेताना माझी यादी मी गेटवरच्या आवक रजिस्टरमध्ये नोंदवून घेतली होती, आणि एका प्रतीवर स्टोअरचा शिक्का होता. खुणांचे फोटो त्याच आठवड्यात मी स्वतःला ईमेल केलेले होते. मी साहेबांना एवढंच सांगितलं की शिक्क्याची प्रत पत्राला जोडलेली आहे, तिच्यावर म-१ ते शेवटपर्यंत सगळे आकडे आहेत, आणि तुमच्या रजिस्टरमध्येही असतील, काकांना बघायला सांगा. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. जुन्या कोरलेल्या रेघांमध्ये तेल आणि काळपटपणा मुरतो, ताजी रेघ चमकते, हा फरकही डोळ्यांना दिसतो. त्याला पुरावा म्हणून फार वजन नाही, पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनातली शंका त्याने जाते.

पेटी द्यायला बोलावलं तेव्हा काका एकेक वस्तू काढत गेले आणि आकडा मोठ्याने वाचत गेले. मी यादीवर खूण करत गेले. गुण्या निघाला तेव्हा सुपरवायझर म्हणाले, “हा तर आपल्या टूलरूमचा आहे.” काकांनी चष्मा वर करून कडेची रेघ वाचली, म-९, रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. “साहेब, ताई आल्या त्याच दिवशीची नोंद आहे.” तिथे विषय संपला. त्या गुण्याला जगात दुसरा कुठलाही कागद नव्हता.

बारीक ड्रिल आणि छोटे टॅप मिळाले नाहीत. त्यांच्या दांड्यावर या सुईने वाचता येईल असं काही कोरताच येत नाही, आणि स्टोअरमध्ये तसेच शेकड्याने पडलेले असतात. त्यावर मी भांडले नाही. जे रोजच्या वापरात झिजून संपतं ते या यंत्राच्या कक्षेत येत नाही, असं धरूनच चालावं.

पोचपावतीवर सही करताना आणखी एक. छापील कागदावर ‘सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या, कोणताही दावा शिल्लक नाही’ असं लिहिलेलं होतं. मी ते खोडून ‘यादीतील खूण केलेल्या वस्तू मिळाल्या, मोजमापाच्या उपकरणांची तपासणी बाकी’ असं लिहिलं आणि मग सही केली. कुणी हरकत घेतली नाही. पण ‘कोणताही दावा शिल्लक नाही’वर सही झाली असती तर माझा पगाराचा विषयही त्या एका ओळीत बुडाला असता.

तपासणी बाकी ठेवायला कारण होतं. बंद खोलीत पडून राहिलेली हत्यारं वरून बरी दिसतात. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं कुणीतरी घट्ट मिटवून ठेवली होती. ती नेहमी थोडी उघडी ठेवायची असतात, नाहीतर मधल्या ओलाव्याने डाग धरतो. टॉर्क रेंच भरलेल्या सेटिंगवरच राहिला होता. क्लिकवाला रेंच ठेवताना नेहमी सर्वात खालच्या आकड्यावर आणतात, स्प्रिंगवर कायमचा ताण राहू नये म्हणून. त्याला मी कॅलिब्रेशनला दिलं. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकात, वापरणाऱ्याने वेगळी पद्धत ठरवली नसेल तर, १२ महिने किंवा ५००० वापर ही मुदत आहेच, त्यामुळे तो खर्च वाया गेला असं वाटलं नाही. पॅरललवर बोटांचे ठसे गंजून उमटले होते. कुणीतरी उघड्या हाताने काढून बघितले असणार. ते बारीक ऑइलस्टोन आणि तेलाने निघाले, मग पुन्हा मोजले. मोजण्याआधी सगळं सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, रात्रभर ठेवून दिलं, कारण मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस धरलेलं आहे आणि १०० मिलिमीटरच्या स्टीलच्या तुकड्यात १० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०११ मिलिमीटरचा फरक पडतो. घाईत मोजलं असतं तर चांगल्या पॅरललवर उगाच संशय आला असता. जोड्या अजून जुळतात. ते पाहिलं तेव्हा खरोखर बरं वाटलं. आता प्रत्येक जोडी गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळून ठेवते.

ज्यांची पेटी आत्ता अडकलेली आहे त्यांना एक विनंती: गुपचूप आत जाऊन ती उचलून आणू नका. वस्तू तुमची असली तरी आवार त्यांचं आहे, आणि मग तुम्ही मागणारे राहत नाही, आरोपी ठरता. वस्तू कुणाच्या ताब्यात आहे आणि कुणाच्या मालकीची आहे या दोन गोष्टी कायदा जवळपास सगळीकडे वेगळ्या धरतो. ती परत मागण्याचे मार्ग देशागणिक वेगळे असतात, पण सगळीकडे पहिला प्रश्न हाच येतो की वस्तू ओळखता येते का आणि ती तुमची कशावरून. त्या प्रश्नाचं उत्तर हातात घेऊनच सल्लागाराकडे किंवा युनियनकडे जा. नोकरी सुटून गेली आणि खुणा केलेल्या नाहीत, तरी आठवून यादी लिहा, घरात किंवा सहकाऱ्यांकडे असलेले जुने फोटो शोधा, बिलं आणि कॅलिब्रेशनचे दाखले गोळा करा. वर्षानुवर्षे शेजारच्या व्हाइसवर काम केलेला माणूस तुमचा क्लॅम्प ओळखतो. त्याने लिहून दिलं तर तेही कामाचं.

यंत्राचे दोष सांगायचे राहिले. आवाज फार. पत्र्याच्या टेबलावर तर सगळं टेबल वाजतं, खाली रबर किंवा जाड कापड घ्या. हात लवकर बधिर होतो, त्यामुळे पेटीभर वस्तू एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका, अक्षरही बिघडतं. वायर आखूड असते. सुई धरणारा स्क्रू कंपनाने सैल होतो, मधूनमधून आवळावा लागतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कण बारीक असले तरी धातूचे असतात. बॅटरीवर चालणारी, पेनासारखी, टोकाला हिऱ्याची भुकटी लावलेली यंत्रंही मिळतात. ती ठोके मारत नाहीत, टोक फिरवून घासतात. काचेवर आणि प्लास्टिकच्या मुठींवर त्यांची रेघ सुबक येते, पण कठीण स्टीलवर हिऱ्याचा थर लवकर उडतो. फिटरच्या पेटीसाठी मी तरी वायरवालंच घेईन.

घेताना दोन गोष्टी बघा: सुई बदलता येते का आणि ती टंगस्टन कार्बाइडचीच आहे का, आणि खोलीची चकती फिरवल्यावर रेघेत खरोखर फरक पडतो का. काही स्वस्त यंत्रांत चकती नावालाच असते. दुकानात लोखंडाच्या तुकड्यावर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अशा दोन रेघा ओढून बघू द्या म्हणावं. ज्यांच्याकडे फक्त मोजमापाची उपकरणं आहेत त्यांनी हे घेऊच नये, त्यांना एचिंगचा संच बरा. बाकीच्यांनी घ्यावं, आणि नव्या ठिकाणी पेटी नेण्याआधी ते वापरावं. यादीच्या दोन प्रती, एकीवर स्टोअरचा शिक्का, आणि मध्ये नवीन हत्यार घेतलं की पुढचा आकडा कोरून ती ओळही रजिस्टरमध्ये चढवून घ्यावी.